नोट १ तुमच्याच कारखान्याची हवी: छोट्या कंपनीची लेखा धोरणं लिहिताना

प्रश्न इंदूरहून आला आहे. सांवेर रोडवरची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नमकीन आणि मसाल्याच्या कारखान्यांना छापील पाऊच आणि रोल पुरवते. भागभांडवल ६० लाख, विक्री साधारण १८ कोटी, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट साडेतीन कोटी, कामगार-कर्मचारी मिळून ४२. यंदा ऑडिटर बदलले. नव्या ऑडिटरांनी ताळेबंदाच्या मसुद्यातली नोट १, म्हणजे ‘महत्त्वाची लेखा धोरणं’, परत पाठवली आणि सांगितलं, ‘ही तुमच्या कंपनीची नाही.’ सात वर्षं तीच नोट छापली जाते, कोणी कधी हरकत घेतली नाही. मग आता काय बदलायचं, आणि पानभर मजकुरासाठी एवढा खटाटोप कशाला?

ऑडिटरांचं बरोबर आहे. आकडे कोणत्या पद्धतीने काढले हे नोट १ सांगते. पद्धत एक आणि नोट दुसरी असेल तर वाचणारा, म्हणजे बँक, आयकर खातं किंवा उद्या येणारा भागीदार, चुकीच्या समजुतीने आकडे वाचतो. दुसरीकडे, हिशेबच चुकीचा असेल तर ‘आमचं धोरणच असं आहे’ लिहून तो बरोबर होत नाही. एएस १ मध्ये (एएस म्हणजे अकाउंटिंग स्टँडर्ड, लेखा मानक) हे स्पष्ट लिहिलं आहे: चुकीची किंवा अयोग्य नोंद केवळ धोरण जाहीर केल्याने दुरुस्त होत नाही. म्हणून काम उलट्या टोकाने सुरू करा. आधी टॅलीत आणि शॉपफ्लोअरवर काय चाललंय ते पाहा, मग ते मानकांत बसतं का ते पाहा, आणि शेवटी लिहायला बसा. बहुतेक ठिकाणी आधी नोट चिकटवतात आणि पुढे ती कोणी वाचतही नाही.

सात वर्षांची नोट म्हणजे तिच्यात जुना माल नक्की सापडेल. लाल पेन घ्या. ‘एक्साइज ड्यूटी वजा जाता विक्री’ असं कुठे असेल तर ती ओळ १ जुलै २०१७ पूर्वीची आहे. ‘परिशिष्ट चौदा नुसार घसारा’ हे १९५६ च्या कंपनी कायद्यातलं. ‘लेखा मानके नियम, २००६’ च्या जागी १ एप्रिल २०२१ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी २०२१ चे नियम आले. दुसऱ्या बाजूने ‘एक्स्पेक्टेड क्रेडिट लॉस’, ‘राइट ऑफ यूज’, ‘परफॉर्मन्स ऑब्लिगेशन’ असे शब्द दिसले तर कोणीतरी मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालातून उतारा उचलला आहे. ही भाषा इंड-एएसची, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठीच्या वेगळ्या लेखा मानकांची. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीला नेटवर्थ २५० कोटींना पोचल्यावर इंड-एएस लागू होतं. तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही. आयात-निर्यात नसताना परकीय चलनाचा परिच्छेद, संशोधन नसताना संशोधन खर्चाचा परिच्छेद, हेही काढा. नोट छोटी झाली म्हणून कोणी नापास करत नाही.

आता चौकट कोणती ते ठरवू. इथे दोन सारखी दिसणारी नावं आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिलं ‘स्मॉल कंपनी’, हे कंपनी कायद्यातलं. १ डिसेंबर २०२५ पासून त्याची मर्यादा भरणा भांडवल १० कोटी आणि उलाढाल १०० कोटी अशी आहे. त्याआधी ४ आणि ४० कोटी होती. दोन्ही अटी एकदम पाळल्या जायला हव्यात, आणि कंपनी कोणाची होल्डिंग किंवा उपकंपनी नको. तुम्ही जुन्या मर्यादेतही बसत होता. त्यामुळे कॅश फ्लो स्टेटमेंट कायद्याने सक्तीचं नाही, केअरोचा (ऑडिटरांनी कोणत्या जादा मुद्द्यांवर लिहायचं ते सांगणारा सरकारी आदेश) अहवालही लागू नाही. दुसरं ‘स्मॉल अँड मीडियम साइज्ड कंपनी’, म्हणजे एसएमसी; हे लेखा मानकांच्या नियमांतलं. मागच्या वर्षाची उलाढाल, इतर उत्पन्न सोडून, २५० कोटींपेक्षा जास्त नको, मागच्या वर्षात कधीही कर्ज ५० कोटींवर गेलेलं नको, कंपनी लिस्टेड, बँक किंवा विमा कंपनी नको, आणि एसएमसी नसलेल्या कंपनीची होल्डिंग किंवा उपकंपनीही नको. मानकांतल्या सवलती एसएमसी असल्यामुळे मिळतात, स्मॉल कंपनी असल्यामुळे नाही. आणि सवलत घेत असाल तर नोटमध्ये तसं लिहावंच लागतं. मजकूर साधारण असा:

‘कंपनी लेखा मानकांच्या सर्वसाधारण सूचनांतील व्याख्येनुसार लघु व मध्यम कंपनी आहे आणि अशा कंपनीला लागू असलेली लेखा मानके तिने पाळली आहेत. वित्तीय पत्रके ऐतिहासिक खर्चाच्या आधारावर, उपार्जन पद्धतीने, कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३३ खाली अधिसूचित लेखा मानकांनुसार तयार केली आहेत.’

प्रत्यक्ष ताळेबंदात हे इंग्रजीत जाईल, पण आशय एवढाच. कंपनी चालू राहणार, पद्धती सातत्याने वापरल्या, उपार्जन पाळलं (पैसे कधी आले-गेले ते न पाहता उत्पन्न-खर्च ज्या वर्षाचा त्याच वर्षी धरला), ही तीन गृहीतं पाळली असतील तर वेगळी जाहीर करावी लागत नाहीत. मोडली असतील तर मात्र सांगावंच लागतं.

तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळ मालसाठ्यावर घालवा. नफा तिथेच हलतो. नोटमध्ये बहुधा ‘साठा खर्च किंवा निव्वळ वसुली मूल्य, यांपैकी कमी असेल त्यावर, फिफो पद्धतीने’ असं असेल. निव्वळ वसुली मूल्य म्हणजे माल विकून, विकण्याचा खर्च वजा जाता हाती येणारी रक्कम; फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरणं. टॅलीत स्टॉक आयटमचा मास्टर उघडा आणि कॉस्टिंग मेथड बघा. कोणी बदललेली नसेल तर तिथे सरासरी खर्च असतो. नोट फिफो सांगते, आकडा सरासरीचा. दोन्ही पद्धती एएस २ ला मान्य आहेत (लिफो, म्हणजे शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणं, मान्य नाही), पण जी वापरता तीच लिहायला हवी. एकाच प्रकारच्या मालाला एकच पद्धत. फिल्मला एक आणि दाण्याला (कच्च्या प्लास्टिकच्या) दुसरी चालते का? स्वरूप आणि वापर खरोखर वेगळा असेल तर चालते. आकडा बरा दिसतो म्हणून नाही.

तयार मालाचा किलोमागे खर्च बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. फिल्म आणि दाणा, आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेला जीएसटी सोडून, १६८ रुपये. शाई, चिकट, सॉल्व्हंट ३१. वीज ९, थेट मजुरी ११. राहिला स्थिर कारखाना खर्च: शेडचं भाडं, सुपरवायझर, मशीनचा घसारा असा वर्षाला ५४ लाख. इथे हमखास चूक होते. यंदा ऑर्डर कमी, उत्पादन झालं साडेचार लाख किलो. मशीनची नेहमीची क्षमता सहा लाख. अकाउंटंट ५४ लाखांना साडेचार लाखांनी भागतो आणि किलोमागे १२ रुपये लावतो. एएस २ म्हणतं, स्थिर खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटा, म्हणजे ९ रुपये. उरलेले साडेतेरा लाख त्याच वर्षीच्या नफा-तोट्यात गेले पाहिजेत, साठ्यात दडवायचे नाहीत. बरोबर दर किलोला २२८, चुकीचा २३१. शेवटच्या दिवशी वीस हजार किलो माल असेल तर साठा ४५,६०,००० हवा, दिसेल ४६,२०,०००. साठ हजारांचा नफा नुसता मशीन रिकामं राहिल्यामुळे झालेला.

विक्रीचं कमिशन, तयार माल गोडाऊनमध्ये ठेवण्याचा खर्च आणि ऑफिसचा खर्च साठ्याच्या किमतीत धरायचा नाही. सेटिंगला जाणारी आणि कडा कापल्याची नेहमीची घट खर्चात धरायची, त्या भंगाराची येणारी किंमत वजा करून. वीज गेली आणि अख्खी लॅमिनेशनची शिफ्ट वाया गेली, असली घट असामान्य. ती थेट नफा-तोट्यात.

आता ‘वसुली मूल्य’. छापील पाऊच हा जगातला सगळ्यात कमी विकाऊ माल. साधा रोल दुसऱ्याला विकता येतो, पण एका शेववाल्याच्या नावाचा पाऊच फक्त त्याच्याच कामाचा. त्याने वजन २०० ग्रॅमवरून १८० केलं किंवा लेबलवरचा मजकूर बदलला की तुमच्या गोडाऊनमधला माल भंगार. वीस हजार किलोंपैकी असा १,८०० किलो पडून असेल आणि भंगारवाला किलोला ४० रुपये देत असेल, तर १,८०० गुणिले १८८ म्हणजे ३,३८,४०० रुपये त्याच वर्षी उतरवायचे. ‘बाकीच्या मालात फायदा आहे, एकूण जुळतं’ हे चालत नाही. तुलना वस्तूगणिक करायची. याच कारणासाठी ३१ मार्चच्या मोजणीत प्रत्येक छापील डिझाइनसमोर शेवटची उचल कधी झाली ती तारीख लिहून घ्या. सहा महिन्यांत उचल नसेल तर ग्राहकाला फोन करा आणि उत्तर मेलवर घ्या. ऑडिटर तेच मागतील.

कच्च्या मालाचं उलट असतं, आणि ते फारसं कोणाला ठाऊक नसतं. दाण्याचा भाव ३१ मार्चला किलोमागे ११८ वरून १०४ वर आला, म्हणून दाणा लगेच उतरवायचा नाही. त्याचा पाऊच खर्चाइतक्या किंवा जास्त भावाला विकला जाणार असेल तर दाणा खर्चालाच राहतो. तेव्हा नोटमध्ये ‘सर्व साठा’ असं सरसकट लिहू नका. कच्चा माल, अर्धवट काम आणि तयार माल यांची वाक्यं वेगळी ठेवा. स्लिटिंगला जॉबवर गेलेला माल तुमचा, तो धरा. ग्राहकाने जॉबवर दिलेली फिल्म त्याची, ती सोडा. दर महिन्याला बँकेला जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटची किंमतही याच पद्धतीने काढा. केअरो लागू नसलं तरी तिमाही पत्रकं पुस्तकांशी जुळतात का, नसतील तर का नाही, हे कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीन प्रमाणे ताळेबंदाच्या टिपांत लिहावं लागतं. बँकेला विक्रीभावाने आणि ताळेबंदात खर्चाने, असं असेल तर ती टीप लिहिताना घाम फुटतो.

तुमच्या धंद्याची आणखी एक खास गोष्ट जुन्या नोटमध्ये नक्की नसणार: छपाईचे सिलिंडर. सहा रंगांचं डिझाइन म्हणजे सहा सिलिंडर. एकाला सात हजार धरले तर डिझाइनमागे ४२,०००, आणि वर्षाला चाळीस डिझाइनं म्हणजे १६ लाख ८० हजार. हे कुठे टाकता? कुठे खरेदीत, कुठे ‘दुरुस्ती’त, कुठे मशीनच्या खात्यात, वर्षागणिक वेगळं, असंच बहुधा सापडतं. आधी मालकी ठरवा. ग्राहकाकडून सिलिंडरचे वेगळे पैसे बिलाने घेतले असतील तर ते त्याचे. तुमच्याकडे नुसते ठेवलेले, मालमत्तेत येत नाहीत. किंमत तुम्ही सोसली आणि एका वर्षापेक्षा जास्त वापरणार असाल तर एएस १० प्रमाणे ती मालमत्ता. पण मशीनसारखी पंधरा वर्षांची नाही. डिझाइन साधारण दोन-तीन वर्षं चालतं, तेवढंच आयुष्य धरा. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट दोनमधल्या आयुष्यापेक्षा वेगळं आयुष्य धरलं की तसं नोटमध्ये लिहायचं आणि तांत्रिक कारण फायलीत ठेवायचं. प्रॉडक्शन मॅनेजरचं एक पान, किती मीटर छपाईनंतर कोरीव काम झिजतं, पुन्हा क्रोम केल्यावर किती चालतं, एवढं पुरतं. क्रोम करण्याचा खर्च दुरुस्तीत. डिझाइन बंद झालं की उरलेली किंमत त्याच वर्षी काढून टाका.

मशीनच्या किमतीत वाहतूक, पाया, बसवणी, चाचणीचा खर्च धरा. जीएसटीचा आयटीसी घेतला असेल तर तो धरू नका. त्यावर घसारा घेतला तर आयटीसी जातो. मशीनच्या कर्जाचं व्याज किमतीत चढवायची सवय सोडा. एएस १६ नुसार ते फक्त तयार व्हायला बराच काळ, साधारण बारा महिने, लागणाऱ्या मालमत्तेसाठी. दोन महिन्यांत बसणारं मशीन त्यात येत नाही.

घसाऱ्यात तर नोट आणि आकडा यांची सगळ्यात उघड फारकत होते. नोट म्हणते ‘परिशिष्ट दोन मधील आयुष्यानुसार सरळ रेषा पद्धत’, म्हणजे दर वर्षी सारखाच घसारा. घसारा पत्रकात मात्र मशीनवर १५ टक्के आणि कॉम्प्युटरवर ४० टक्के दिसतात. हे आयकराचे दर. परिशिष्ट दोनमध्ये साधारण मशीनचं आयुष्य १५ वर्षं, कारखाना इमारतीचं ३०, फर्निचरचं १०, मोटारीचं ८, ऑफिस उपकरणांचं ५, कॉम्प्युटरचं ३. अवशिष्ट मूल्य (आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत) पाच टक्के धरलं तर मशीनचा सरळ रेषेचा दर ६.३३ टक्के आणि घटत्या शिल्लकेचा (दर वर्षी उरलेल्या किमतीवर) १८.१० टक्के येतो. यांपैकी एकही आकडा पत्रकात नसेल तर घसारा पुन्हा काढावा लागणार. शिफ्टही लक्षात ठेवा. हे १५ वर्षांचं आयुष्य एका शिफ्टचं आहे. ज्या काळात दोन शिफ्ट चालल्या त्या काळापुरता घसारा ५० टक्क्यांनी वाढतो, तीन शिफ्टला दुप्पट. तीस लाखांचं मशीन, सरळ रेषेने वर्षाला १,९०,०००. दिवाळीच्या आधीचे सहा महिने दोन शिफ्ट असतील तर आणखी ४७,५००. हे दाखवायला शिफ्टचा मस्टर लागतो. पाच हजारांच्या आतल्या वस्तूंवर शंभर टक्के घसारा, ही जुन्या कायद्यातली ओळ. आताच्या परिशिष्टात ती नाही. ठेवायची असेल तर ‘रक्कम क्षुल्लक असल्याने’ असं तुमचं स्वतःचं धोरण म्हणून ठेवा.

विक्री कधी धरायची? ‘बिल काढल्यावर’ हे उत्तर एएस ९ ला पुरेसं नाही. मालातली जोखीम आणि लाभ खरेदीदाराकडे गेले पाहिजेत. समजा रायपूरच्या ग्राहकाचं ४ लाख २० हजारांचं बिल ३० मार्चला काढलं, बिल्टी ३१ ची, माल पोचला ३ एप्रिलला. भाव ‘पोच’ असेल आणि वाटेतलं नुकसान तुमचं असेल तर ती विक्री एप्रिलची, आणि ३१ मार्चला तो माल वाटेतला साठा म्हणून तुमच्याकडेच. जीएसटीत मात्र ते बिल मार्चच्या रिटर्नमध्ये जाणार. म्हणून दोन्ही आकड्यांचा मेळ लिहून ठेवा, नाही तर वर्षभराने कोणालाच आठवत नाही. दाण्याच्या भावाप्रमाणे तुम्ही मागाहून रेट डिफरन्सच्या क्रेडिट नोटा देत असाल, मोठ्या ग्राहकांना वार्षिक उलाढालीवर सूट देत असाल, तर मार्चअखेरपर्यंतचा त्यांचा हिस्सा त्याच वर्षी विक्रीतून वजा करायचा, क्रेडिट नोट मे महिन्यात निघाली तरी.

आता सगळ्यात दुखणारी जागा. तुमच्या नोटमध्ये ‘ग्रॅच्युइटी प्रत्यक्ष देताना खर्चात धरली जाते’ असं वाक्य आहे का? असेल तर ऑडिटरांनी नोट परत पाठवण्याचं मुख्य कारण तेच असणार. कंपनीची पुस्तकं उपार्जन पद्धतीनेच ठेवावी लागतात. देण्याच्या दिवशी खर्च ही रोख पद्धत झाली, आणि ती कितीही प्रामाणिकपणे जाहीर केली तरी ऑडिटरला अहवालात शेरा मारावाच लागेल. एसएमसीला एएस १५ मध्ये सवलत आहे, पण ती लांबलचक तपशील देण्यापासून. देणं अ‍ॅक्च्युअरीकडून, म्हणजे अशा देण्यांचं गणित करणाऱ्या तज्ज्ञाकडून, प्रोजेक्टेड युनिट क्रेडिट पद्धतीने, सरकारी रोख्यांच्या व्याजदराच्या आधारे काढायचंच, आणि गृहीतं लिहायची. ‘सगळे आज सोडून गेले तर किती’ असा एक्सेलमधला हिशेब कंपनीला पुरत नाही. एलआयसीची ग्रुप ग्रॅच्युइटी असेल तर भरलेला हप्ता म्हणजे खर्च, असंही नाही. एकूण देणं वजा फंडातली शिल्लक, हे ताळेबंदात यायला हवं. यंदा आणखी एक बाब आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात मोजला जातो. बेसिक कमी आणि भत्ते जास्त अशी तुमची पगारपत्रकं असतील तर मागच्या नोकरीचंही देणं वाढतं. अ‍ॅक्च्युअरीला जुनी पगारपत्रकं पाठवू नका.

रजेचंही असंच. शिल्लक रजेचे पैसे नोकरी सोडताना मिळत असतील तर तरतूद हवी. मिळत नसतील तर अल्पकालीन साठलेल्या रजेपुरती एसएमसीला सूट आहे.

सात वर्षं तरतूद केलीच नाही, तर आता कशी करायची? समजा अ‍ॅक्च्युअरीने ३१ मार्च २०२६ ला १४ लाख सांगितले आणि त्यातले साडेअकरा लाख ३१ मार्च २०२५ पर्यंतचे. त्याला ‘धोरणातला बदल’ म्हणू नका. आधीची ती चूक होती. एएस ५ प्रमाणे साडेअकरा लाख पूर्वकालीन बाब म्हणून नफा-तोट्यात वेगळे दाखवायचे, अडीच लाख यंदाचा खर्च. इंड-एएससारखे मागचे आकडे बदलायचे नाहीत. यंदाचा नफा खाली येईल, तेव्हा बँकेला नूतनीकरणाच्या फायलीसोबत आधीच एक पत्र द्या. ताळेबंद गेल्यावर समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.

याच जागी डिफर्ड टॅक्स येतो, म्हणजे पुस्तकं आणि आयकर यांच्यातल्या वेळेच्या फरकामुळे पुढे द्यावा लागणारा किंवा वाचणारा कर. तो एसएमसीलाही पूर्ण लागू आहे, ‘छोटी कंपनी, म्हणून नाही’ असं काही नसतं. समजा पुस्तकातली मालमत्ता आयकरातल्या किमतीपेक्षा २२ लाखांनी जास्त आहे आणि कंपनीने २२ टक्क्यांचा दर निवडला आहे; अधिभार आणि सेस धरून तो २५.१६८. डिफर्ड टॅक्सचं देणं ५,५३,६९६. ग्रॅच्युइटीचे १४ लाख आयकरात देईपर्यंत वजा मिळत नाहीत, त्यावर येणं ३,५२,३५२. निव्वळ देणं २,०१,३४४. येणं धरायला पुढे नफा होईल याची वाजवी खात्री लागते. मागचे तोटे पुढे ओढलेले असतील तर जवळजवळ पक्की खात्री, तीही पुराव्यानिशी. ‘पुढच्या वर्षी धंदा वाढेल’ हा पुरावा नव्हे.

राज्य सरकारचं मशीनवरचं अनुदान मिळालं किंवा मंजूर झालं असेल तर ते ‘इतर उत्पन्ना’त एकदम टाकू नका. एएस १२ दोन वाटा देतं: मशीनच्या किमतीतून वजा, किंवा पुढे ढकललेलं उत्पन्न म्हणून घसाऱ्याच्या प्रमाणात थोडं थोडं. एक निवडा, लिहा, आणि तीच ठेवा. आयकरात ते किमतीतून वजाच होतं, म्हणून पहिली वाट छोट्या कंपनीला सुटसुटीत. नुसता अर्ज केला म्हणून नोंद नाही. अटी पाळल्या जातील आणि पैसे येतील याची वाजवी खात्री हवी.

बाकीचं एकेका ओळीत उरकेल. बुडीत येणं नावानिशी तपासून धरा, सरसकट टक्केवारी नको. येणं किती जुनं ते दाखवणारा वयोमान तक्ता शेड्यूल तीनप्रमाणे द्यावाच लागतो. बँकेकडे मार्जिनला अडकलेली एफडी रोख समजू नका. शेड संचालकांच्या पत्नीच्या नावावर असेल तर भाडं संबंधित पक्षांच्या टिपेत, बाजारभावाने असलं तरी. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची थकबाकी वेगळी; त्यासाठी उद्यम प्रमाणपत्रं आत्ताच मागवा, जूनमध्ये कोणी पाठवत नाही. आकडे शंभरात, हजारात की लाखात ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच.

पद्धत बदलायची असेल तर बदल कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा. फिफोवरून सरासरीवर जाणं हा धोरणातला बदल. तो कायद्याने, मानकाने सांगितला तर किंवा चित्र जास्त योग्य दिसत असेल तरच करायचा, आणि रुपयांत परिणाम लिहायचा. घटत्या शिल्लकेवरून सरळ रेषेवर येणं मात्र २०१६ मध्ये एएस १० नव्याने आल्यापासून अंदाजातला बदल मानतात. तो इथून पुढेच लागू होतो, मागचा घसारा पुन्हा काढत नाहीत. जुनी सवय असलेले काही जण अजूनही पहिल्या दिवसापासूनचा फरक नफा-तोट्यात आणतात. ते आता चूक आहे. तुमच्या टॅलीत सात वर्षं सरासरीच चालत असेल आणि फक्त नोटमध्ये फिफो छापलं असेल, तर आकडा बदलत नाही. वर्णन दुरुस्त करायचं. त्याला धोरणबदल म्हणून सजवू नका, एक सरळ वाक्य लिहा: ‘मालसाठ्याचा खर्च भारित सरासरी पद्धतीने काढला जातो, मागील वर्षांच्या टिपेतील फिफोचा उल्लेख दुरुस्त केला आहे, त्यामुळे रकमेवर परिणाम नाही.’ त्याआधी टॅलीतून दोन-तीन आयटमची मागच्या मार्चची किंमत हाताने काढून पाहा, कारण ‘परिणाम नाही’ हे शब्द ऑडिटर तपासणारच.